ल्योयल्यू : तापल्या दगडांवरची वाफ की आत्मा?

शब्दवेल्हाळ

फिनलंडवरच्या मराठी लिखाणात हल्ली एक वाक्य हटकून सापडतं. सौनात, म्हणजे तिथल्या वाफेच्या न्हाणीघरात, तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की जी वाफ उठते तिला फिनिश लोक 'ल्योयल्यू' म्हणतात आणि या शब्दाचा मूळ अर्थ 'आत्मा'. त्याखाली लगेच गोठलेल्या तळ्याचा फोटो. या वाक्याला हसणारेही आता पुष्कळ झालेत. 'पर्यटन खात्याचं अध्यात्म' अशी टरही वाचली. माझं म्हणणं असं की वाक्य कितीही गुळगुळीत झालं असलं तरी मुळात ते बरोबर आहे. त्यावरच हा धागा.

आधी उच्चार. 'ए' म्हणताना ओठ 'ओ'सारखे गोल करायचे, मग 'ई' म्हणताना 'ऊ'सारखे. देवनागरीत हे स्वर बसत नाहीत. 'ग्योथे' चालवून घेतो तसं 'ल्योयल्यू' चालवून घ्या.

आता शब्दाचे नातेवाईक बघा. फिनलंडच्या आखाताच्या पलीकडे एस्टोनियात 'लेइल', अर्थ तोच, सौनातली वाफ. तिथून पूर्वेला उरल पर्वताच्या अलीकडे कोमी भाषेत 'लोव' आणि उदमुर्तमध्ये 'लुल', अर्थ जीव, आत्मा. पर्वत ओलांडून ओब नदीच्या खोऱ्यात मान्सी आणि खांती लोकांकडे 'लिली', 'लिल' : श्वास, आत्मा. आणि पार मध्य युरोपात हंगेरियनमध्ये 'लेलेक', अर्थ आत्मा. भाषाशास्त्रज्ञ या सगळ्यांचं मूळ 'लेव्ले' असं काहीतरी धरतात आणि त्याचा अर्थ देतात श्वास, प्राण. हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या कुळात जवळजवळ सगळे भाऊबंद हा शब्द जीवासाठी वापरतात, आणि फिनलंड-एस्टोनियाकडचे तेवढे न्हाणीघरातल्या वाफेसाठी. हे उगाच झालं असेल?

मला वाटतं, नाही. जुन्या फिनलंडमध्ये बाळंतपण सौनात व्हायचं, मेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ सौनात घालायचे, तुंबड्या लावून रक्त काढणाऱ्या बायकांचा दवाखानाही सौनाच. सौनात चर्चमध्ये वागतो तसं वागावं अशी म्हण आहे. वाफेला उद्देशून म्हणायचे मंत्र आहेत. त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला 'तेर्वे ल्योयल्यू', म्हणजे ये बाई वाफे, तुझं स्वागत. जीव जिथे येतो आणि जिथून निघतो त्या खोलीतल्या वाफेला जीवाचा शब्द मिळाला, याला मी योगायोग म्हणायला तयार नाही.

आणखी एक. आजच्या फिनिशमध्ये आत्म्याला 'सिएलु' म्हणतात, आणि तो शब्द जर्मानिक भाषांकडून उसना घेतलेला आहे. म्हणजे घरचा शब्द असताना बाहेरचा आला. माझा अंदाज असा की नव्या धर्माने जुना शब्द बाहेर काढला आणि तो सौनात जाऊन राहिला.

बोला.

चावडीवरचा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

कोरडा_टॉवेल

लेख छान, निष्कर्ष कच्चा.

शब्दांची यादी मान्य. माझा आक्षेप पुढच्या उडीला आहे. 'लेव्ले'चा अर्थ तुम्हीच 'श्वास' दिलात. आता उत्तरेतला हिवाळा डोळ्यांपुढे आणा. उणे वीस अंशांत माणूस श्वास सोडतो तेव्हा तोंडातून काय निघतं? वाफ! श्वासावरून वाफेवर यायला एक पाऊल पुरतं. मध्ये आत्म्याच्या घरी चहाला थांबायची गरज नाही. एकाच खोडाच्या दोन फांद्या आहेत : पूर्वेकडे आणि हंगेरीत श्वासाचा आत्मा झाला, बाल्टिकच्या काठी श्वासाची वाफ झाली. आत्म्याची वाफ कुठेच झाली नाही.

श्वासाचा आत्मा होणं ही तर जगभरची गोष्ट आहे. आपला 'आत्मा' आणि जर्मनमधला श्वास, 'आटेम', एकाच मुळाचे मानतात. 'प्राण'मधला 'अन्' म्हणजे श्वास घेणं, आणि लॅटिनचा 'आनिमा' त्याच धातूचा. त्यावरून जर्मन माणूस खोल श्वास घेताना उपनिषद जगतो असं कुणी म्हणत नाही.

आणि शब्दाचं मूळ म्हणजे बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ नव्हे. पोटभर जेवल्यावर आपण 'आत्माराम थंड झाला' म्हणतो. उद्या एखाद्या फिनिश माणसाने त्यावरून 'मराठी लोकांच्या मते आत्मा जठरात असतो' असा लेख लिहिला तर चालेल का तुम्हाला?

तुमचा मंत्रही तुमच्याच विरोधात जातो. फिनलंडचं महाकाव्य 'कालेवाला', त्याच्या ४५व्या सर्गात रोगराई पसरल्यावर नायक वैनामोइनेन सौना तापवतो आणि देवाला हाक मारतो : देवा, ये आता ल्योयल्यूत, ये या उबेत, आरोग्य द्यायला. म्हणजे ल्योयल्यू ही जागा आहे, देवाने तिथे यायचंय. ती स्वतःच दैवी असती तर बाहेरून देव कशाला बोलवावा लागला असता?

शब्दवेल्हाळ

आत्माराम आवडला. पण श्वासाच्या वाफेच्या मुद्द्यात एक भोक आहे, आणि मोठं आहे.

किटलीतून निघते त्या वाफेला फिनिशमध्ये ल्योयल्यू म्हणत नाहीत. तिला 'ह्योयर्यू' म्हणतात. वाफेच्या इंजिनातलीही ह्योयर्यूच. धुक्याला आणखी वेगळा शब्द. तुमच्या म्हणण्याप्रमाणे थंडीत तोंडातून निघणाऱ्या वाफेवरून शब्द आला असेल तर तो सगळ्या वाफांना लागू व्हायला हवा होता, निदान तोंडातल्या वाफेला तरी. तसं नाही. शब्द फक्त सौनातल्या दगडांवरून उठणाऱ्या वाफेला चिकटून आहे. एवढं सोवळं कशासाठी पाळलं?

'देवा, ल्योयल्यूत ये' याबद्दल : देवाला आपण मूर्तीत बोलावतो म्हणून मूर्ती नुसता दगड ठरते का? आवाहन तिथेच करतात जिथे आधीच काहीतरी आहे असं वाटतं.

कोरडा_टॉवेल

प्रत्येक कामाची आपली स्वतंत्र शब्दसंपत्ती असते. दर शनिवारी जी गोष्ट करायची तिच्यासाठी वेगळा शब्द असणं हे सोवळं नाही, सोय आहे. सौनातल्या बाकांना वेगळा शब्द आहे, दगडांच्या भट्टीला 'किउआस' असा वेगळा शब्द आहे. मग बाकंही पवित्र का?

आणि धुराच्या सौनाची रीत वाचा. चिमणी नसते. काही तास लाकडं जाळतात, धूर खोलीत कोंडतो, आग विझल्यावर धूर बाहेर जाऊ देतात आणि माणसं आत जायच्या आधी एकदा दगडांवर पाणी मारतात. उरलेला विषारी वायू आणि काजळी बाहेर जावी म्हणून. त्या पहिल्या वाफेला 'हॅकॅ-ल्योयल्यू' म्हणतात. हॅकॅ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. आत्म्याच्या नावाला कार्बन मोनॉक्साइड जोडताना कुणाचा हात थरथरला नाही.

अनुस्वार

हे हॅकॅ प्रकरण माहीत नव्हतं. टॉवेलराव, हात थरथरायचा मुद्दा मात्र ठिसूळ वाटतो. आपल्याकडे 'प्राणवायू' म्हणतातच की. नावात प्राण, टाकी लोखंडाची.

कोरडा_टॉवेल

तेच तर म्हणतोय मी!

वेदविद्यार्थी

मंडळी युरोपात फिरताय, पण मूळ घरीच आहे. 'लेव्ले' हे उघड उघड संस्कृत 'लय' किंवा 'लीला' यांचं रूप आहे. प्राणाचा लय होतो. फिनिशमध्ये शंभराला 'साता' म्हणतात, म्हणजे शत. हातोड्याला 'वासारा', म्हणजे वज्र. आणि चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या १४व्या अध्यायात तेरा प्रकारचे स्वेद सांगितलेत. त्यातला जेन्ताक स्वेद म्हणजे मध्ये भट्टी असलेली गोल खोली, आत बसून घाम काढायचा. तोच सौना. शब्दही गेला, वस्तूही गेली.

मूळव्यंजन

वेदविद्यार्थी, अर्धं खरं आणि अर्धं ओढून ताणून आहे. खऱ्यापासून सुरू करतो, कारण ते जास्त रंजक आहे.

'साता' ही खरोखर आपल्याकडच्या शाखेकडून गेलेली उसनवारी आहे. हंगेरियनमधला 'साझ'ही तोच. 'वासारा'ला वज्राचा नातेवाईक मानतात. फिनिशमध्ये गुलामाला 'ओर्या' म्हणतात आणि तो 'आर्य'वरून आला असं बहुतेकांचं मत आहे. बहुधा पकडून आणलेले लोक असावेत, त्यामुळे फार छाती फुगवायला नको. मधमाशीला 'मेहिलॅइनेन', त्यातला मूळ भाग संस्कृत मक्षिकेचा, म्हणजे आपल्या माशीचा. हंगेरियनमध्ये गायीला 'तेहेन', तिथे धेनू दिसते. युरेशियाच्या गवताळ पट्ट्यात हे दोन्ही गट फार पूर्वी शेजारी होते, त्याच्या या खुणा.

पण एक लक्षात घ्या. या शब्दांचं नातं कानाला सारखे लागतात म्हणून धरलेलं नाही. व्यंजनं ठरलेल्या नियमाने बदलतात, तो हिशेब जुळतो म्हणून धरलंय. फिनिश 'प'च्या जागी हंगेरियनमध्ये 'फ' येतो (डोकं : पॅ, फेय), 'क'च्या जागी 'ह' येतो (मासा : काला, हाल). असा हिशेब 'लय' आणि 'लेव्ले'चा जुळत नाही. 'लीला'चा तर दूरचाही संबंध नाही.

या हिशेबाची सुरुवातही मजेशीर आहे. १७६९मध्ये सूर्यावरून शुक्र जाताना बघायला माक्सिमिलियन हेल आणि यानोश शायनोविच हे दोघे जेझुइट पाद्री, खगोलवाले, नॉर्वेच्या टोकाला वार्ड्योला गेले. शायनोविच मूळचा हंगेरियन. तिथल्या सामी लोकांची भाषा ऐकून त्याच्या लक्षात आलं की ही आपल्या भाषेची नातलग आहे, आणि १७७०मध्ये त्याने तसं पुस्तक छापलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका कुळातल्या असल्याचं विल्यम जोन्सचं प्रसिद्ध भाषण १७८६चं, म्हणजे त्यानंतरचं. हंगेरीत मात्र पुष्कळांना हे मासळीच्या वासाचं नातं नको होतं. घोड्यावर बसणारे तुर्की पूर्वज जास्त रुबाबदार.

जेन्ताकाबद्दल : चरकाचा उल्लेख बरोबर आहे. पण गरम खोलीत घाम काढायची कल्पना रोमन, रशियन, उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी अशा अनेकांना सुचली. त्यासाठी कुणी कुणाकडे जायची गरज नव्हती.

वेदविद्यार्थी

'ओर्या'बद्दल आणखी वाचायला आवडेल. बाकी तुमचे नियम युरोपियनांनीच बनवलेले.

मूळव्यंजन

नियम बनवायला पाणिनीचे वाचक होते, काळजी नसावी.

दानुबकाठी

हंगेरियन शिकतेय, रोज वापरते, म्हणून दोन शब्द. 'लेलेक' म्हणजे आत्मा, बरोबर. पण 'लेलेगझिक' म्हणजे श्वास घेणं, आणि तो लेलेकवरूनच बनलेला. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ज्या क्रियापदाने 'श्वास घ्या' सांगतात त्यातही तोच आत्मा बसलेला असतो. गावाची लोकसंख्या म्हणजे 'लेलेकसाम', शब्दशः आत्म्यांची मोजणी. तेव्हा 'आधी श्वास, मग आत्मा' अशी सरळ उतरंड मला तरी पटत नाही. हंगेरियनमध्ये दोन्ही अजून एकाच खोलीत राहतात. तीन हजार वर्षांपूर्वी ते वेगळे होते असं टॉवेल साहेब कशावरून म्हणतात?

शब्दवेल्हाळ

ताई, लाख बोललात.

कोरडा_टॉवेल

ताई, मी वेगळे होते असं म्हणत नाही. एकत्र होते असं गृहीत धरून पुढे आत्म्याचाच भाग तेवढा वाफेत ओतायचा, याला माझी हरकत आहे.

मूळव्यंजन

आता दोघांनाही अडचणीत आणतो.

एस्टोनियाच्या खाली लाटविया. लाटवियन ही फिनिशच्या कुळातली नाही, ती आपल्या इंडो-युरोपीय कुळातली. तिथेही सौना आहे, तिला 'पिर्त्स' म्हणतात. पिर्त्समध्ये दगडांवर पाणी टाकल्यावर जी वाफ उठते तिचं नाव 'गार्स'. आणि 'गार्स'चा दुसरा, रोजच्या वापरातला अर्थ : आत्मा, चैतन्य. बायबलमधल्या पवित्र आत्म्याला लाटवियनमध्ये 'स्वेताइस गार्स' म्हणतात. जो शब्द भट्टीवरच्या वाफेला, तोच ख्रिस्ती त्रैक्यातल्या तिसऱ्याला.

शब्दाचं मूळ मात्र श्वासात नाही, उष्णतेत आहे. शेजारच्या लिथुआनियनमध्ये 'गारास' म्हणजे नुसती वाफ. ग्रीक 'थेर्मोस' याच धातूचा. आणि संस्कृत 'घर्म', प्राकृतातून येता येता 'घम्म', आणि आपल्याकडे पोचला तो 'घाम'. म्हणजे लाटवियन माणूस ज्या शब्दाने आत्मा म्हणतो त्याचा मराठी चुलतभाऊ आपल्या बगलेत आहे.

आता बाण कुठल्या दिशेने गेला बघा. फिनिशमध्ये श्वास-प्राणावरून वाफ. लाटवियनमध्ये उष्णतेवरून वाफ आणि वाफेवरून आत्मा. शेजारी शेजारी राहणारे लोक, दोन अनोळखी कुळं, उलट्या टोकांनी निघाले आणि एकाच जागी येऊन भेटले.

चावडीवरचा

घाम आणि पवित्र आत्मा. आजचा दिवस सार्थकी.

शब्दवेल्हाळ

हा तर माझ्याच बाजूचा साक्षीदार निघाला! टॉवेलराव म्हणत होते आत्म्याची आणि वाफेची गाठ कुठेच पडत नाही. इथे ती उघड पडलीये आणि तीही सौनातच. लाटवियन माणसाला ही वाफ बघून 'आत्मा' सुचला. मग आखाताच्या वरच्या माणसाला 'आत्मा' हा शब्द हाताशी असताना तो वाफेला लावावासा वाटला, यात अशक्य काय आहे?

कोरडा_टॉवेल

साक्षीदार उलटतपासणीत टिकला पाहिजे. गार्समध्ये वाफेवरून आत्मा झाला, तो सौनामुळेच झाला हे कशावरून? वाफ हलकी, वर जाणारी, हातात न येणारी. आत्म्याला उपमा म्हणून कुठलीही वाफ चालेल, भाताच्या पातेल्यातलीसुद्धा.

शिवाय या साक्षीदाराने तुमच्या 'धर्माने शब्द हाकलला' या कथेची वाट लावली. लाटवियन चर्चने सौनाचा शब्द थेट पवित्र आत्म्याला दिला. काही हाकललं नाही. आणि फिनिशमध्येही पवित्र आत्म्याला 'प्यूहॅ हेंकी' म्हणतात. हेंकी म्हणजे श्वास, जीव, अस्सल घरचा शब्द. चर्चला देशी शब्दांचं वावडं असतं तर हेंकी कसा वाचला? सरळ हिशेब असा की ल्योयल्यू तोवर वाफेचा झालेला होता, म्हणून आत्म्यासाठी तो कुणाला सुचलाच नाही.

मूळव्यंजन

हेंकीचा मुद्दा भक्कम आहे. त्याला एक पुस्ती. फिनलंडच्या जुन्या लोकश्रद्धांचे अभ्यासक सांगतात की तिथे माणसाला एकच आत्मा नव्हता. शरीर जिवंत ठेवणारा श्वासरूप जीव वेगळा, माणसाचं स्वत्व म्हणजे 'इत्से' वेगळं, आणि त्याचं बळ किंवा दैव म्हणजे 'लुओंतो' आणखी वेगळं. ल्योयल्यूची जागा यातल्या पहिल्यात, हेंकीच्या शेजारी लावतात. म्हणजे 'आत्मा' या मराठी शब्दाने आपण जे समजतो, अमर, न जळणारा, न भिजणारा, ते ल्योयल्यू कधीच नव्हतं. तो शरीराच्या उबेचा, आत-बाहेर करणारा जीव होता. पर्यटनाच्या वाक्यात चूक असलीच तर ती इथे आहे. 'प्राण' लिहिलं असतं तर मी हरकत घेतली नसती.

माझं मत विचाराल तर बाल्टिकच्या या काठावर गरम वाफ आणि जीव या दोन गोष्टी लोकांच्या बोलण्यात एकमेकींत मिसळत होत्या. लाटवियाच्या किनाऱ्यावर फिनिशच्या कुळातली लिवोनियन भाषा बोलणारे लोक शतकानुशतकं राहत होते, तेव्हा ही जोडी एकमेकांकडून उचललेली असू शकते. पण हा माझा तर्क आहे.

तांपेरेकर

उशिरा आलो. इथे फिनलंडमध्ये तांपेरेत राहून कामाच्या निमित्ताने बऱ्याच फिनिश लोकांबरोबर सौनात बसणं होतं. आत्म्याबद्दल कुणी बोललेलं आठवत नाही. बोलतात ते ल्योयल्यूबद्दल, आणि ते चांगल्या हापूसबद्दल रत्नागिरीकर जेवढे गंभीर असतात तेवढ्या गंभीरपणे.

चांगली ल्योयल्यू मऊ असते. दगड पुष्कळ आणि नीट तापलेले असले की पाणी पडताक्षणी दिसेनासं होतं, वाफ डोळ्यांना दिसतही नाही, फक्त काही क्षणांनी पाठीवर आणि कानांवर येते. दगड कमी तापलेले असले की पाणी खाली गळतं आणि अंगाला चिकटणारी, जड वाफ येते. ती वाईट. अंगाला चटका बसतो त्याचं कारण हवेचं तापमान एवढंच नाही. ८० अंशांच्या कोरड्या हवेत माणूस निवांत बसतो. पाणी टाकलं की हवेतली आर्द्रता एकदम चढते आणि त्या मानाने गार असलेल्या कातडीवर वाफेचं पाणी होतं. तसं होताना ती आपली सुप्त उष्णता अंगाला देऊन टाकते. तीच ती लाट. म्हणून मला वाटतं 'वाफ' हे भाषांतरच अपुरं आहे. ल्योयल्यू म्हणजे ती लाट, ती ऊब, आणि ती अंगावर येतानाचं सगळंच.

धुराच्या सौनाची ल्योयल्यू सगळ्यात वरची मानतात. विजेच्या भट्टीची खालची, पण फ्लॅटमध्ये तीच असते. ५५ लाख लोकवस्तीला ३३ लाख सौना असा आकडा २०२०मध्ये सौना युनेस्कोच्या यादीत गेली तेव्हा सगळीकडे छापून आला होता. ज्यांच्या फ्लॅटमध्ये नाही त्यांच्यासाठी सोसायटीच्या तळघरात असते आणि प्रत्येक घराला आठवड्यातला एक ठरलेला तास मिळतो. तो तास चुकवून कुणी लग्नालाही जात नाही, असं मी म्हणेन आणि फिनिश मित्र हो म्हणतील. आमच्या गावात पिस्पाला भागात राजापोर्ती नावाची सार्वजनिक सौना १९०६पासून चालू आहे. (राजापूरशी संबंध नाही, वेदविद्यार्थींनी नोंद घ्यावी.) तिथे भट्टी लाकडांची, आणि वरच्या बाकावर बसलेल्यांना विचारल्याशिवाय पाणी टाकणं हा असभ्यपणा.

भाषेत अजून एक गंमत. चक्रम माणसाला 'ल्योयल्यून-ल्योमॅ' म्हणतात, म्हणजे ल्योयल्यूचा तडाखा बसलेला. आणि वाद पेटवणाऱ्याला 'आणखी ल्योयल्यू मारतोय' म्हणतात. हा धागा पाहता दोन्ही लागू.

कोरडा_टॉवेल

तांपेरेकरांच्या प्रतिसादात आत्मा शून्य, आर्द्रता शंभर टक्के. माझं काम झालं.

आणि एवढी पूज्य गोष्ट असती तर तिची स्पर्धा भरवली असती का? हेइनोला गावात १९९९पासून सौनात जास्तीत जास्त वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा व्हायची. ११० अंश, आणि दर तीस सेकंदांनी दगडांवर अर्धा लिटर पाणी. २०१०च्या अंतिम फेरीत एक रशियन स्पर्धक मेला, तेव्हा बंद पडली.

तांपेरेकर

हेइनोलाचं नाव काढलं की इथे बरेच जण तोंड वाकडं करतात. सौनात घाई नाही आणि चढाओढ नाही, असंच मला पहिल्या दिवशी शिकवलं गेलं. देवळाबाहेर रेटारेटी होते म्हणून देऊळ खोटं ठरत नाही.

आणि 'आत्मा शून्य' हे तुमचं भाषांतर. ते शब्द काढत नाहीत एवढंच मी म्हणालो. पाणी टाकल्यावर सगळे मिनिटभर गप्प होतात हेही खरं आहे. त्याचा अर्थ काय लावायचा तो तुम्ही लावा.

कोरडा_टॉवेल

कान भाजत असताना मीही गप्प बसेन.

अनुस्वार

एक प्रश्न. सगळे ल्योयल्यूवर भांडताय, पण 'सौना' हा शब्द कुठून आला?

मूळव्यंजन

फार जुना आहे, फिनिशच्या जवळच्या सगळ्या भाषांत सापडतो. सामी भाषेत याच्याशी जुळणारा शब्द बर्फात उकरलेल्या खड्ड्याला वापरतात. त्यावरून मूळ अर्थ जमिनीत खणलेलं निवाऱ्याचं भुयार असावा असं मानतात. जर्मानिक मूळ शोधणारेही आहेत, मला तो प्रयत्न ताणलेला वाटतो. या शब्दात आत्मा नाही, नुसता खड्डा आहे, म्हणून पर्यटनवाल्यांना त्याचा उपयोग नाही.

तांपेरेकर

खरी भांडणं बघायची असतील तर सौनात अंगावर मारून घ्यायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुडीला काय म्हणायचं ते इथल्या लोकांना विचारा. पश्चिमेकडचे 'विह्ता', पूर्वेकडचे 'वास्ता'. त्यापुढे तुमचा वाद म्हणजे पोरखेळ.

शब्दवेल्हाळ

विह्ता-वास्ताचा वेगळा धागा काढा, मी येतो.

मुद्द्यावर : मूळव्यंजन यांची 'प्राण' ही दुरुस्ती मला चालेल, त्याने माझं म्हणणं आणखी घट्टच होतं. जिथे बाळ पहिला श्वास घ्यायचं त्याच खोलीत प्राणाचा शब्द दगडांवरून उठत होता. किटलीतून नाही, धुक्यातून नाही. 'ह्योयर्यू'चं उत्तर टॉवेलरावांनी अजून दिलेलं नाही. 'सोय' हे उत्तर नव्हे. सोयीसाठी नवा शब्द बनवतात, प्राणाचा शब्द उचलत नाहीत.

कोरडा_टॉवेल

मग साधी मागणी. जुन्या फिनिश लिखाणातला एक उतारा दाखवा जिथे मेलेल्या माणसाची ल्योयल्यू निघून गेली असं लिहिलंय. लेलेक नको, लुल नको. फिनिश.

शब्दवेल्हाळ

जुनं फिनिश लिखाण म्हणजे काय? मिकाएल आग्रिकोलाचं बाराखडीचं पुस्तक १५४३चं, नवा करार १५४८चा. पहिली पानं लिहिणारा माणूसच धर्मगुरू, पुढे बिशप झालेला. तो मेलेल्या शेतकऱ्याच्या ल्योयल्यूबद्दल कशाला लिहील? ल्योनरोटसारख्यांनी लोकगीतं गोळा केली ती १९व्या शतकात, तोवर तीनशे वर्षं गेली होती.

कोरडा_टॉवेल

म्हणजे पुरावा सापडत नाही हाच पुरावा. या न्यायाने वेदविद्यार्थींची 'लीला'ही परत आत घ्यावी लागेल.

वेदविद्यार्थी

धन्यवाद. मी दाराशीच उभा आहे.

मूळव्यंजन

लीला बाहेरच. लेखी उतारा नसला तरी कोमीपासून हंगेरीपर्यंतचे नातेवाईक हा पुरावाच असतो, सगळी तुलनात्मक भाषाविद्या त्यावर उभी आहे. शब्द प्राणाचा होता एवढं त्यातून सिद्ध होतं. सौनात बसलेल्या माणसाला पाणी टाकताना तो प्राण जाणवत होता का, हे त्यातून सिद्ध होत नाही आणि खोटंही ठरत नाही. त्यासाठी मंत्र, बाळंतपणाच्या रीती, मृताची आंघोळ याकडे जायला हवं. ते शब्दकोशवाल्यांचं नव्हे, लोकसाहित्यवाल्यांचं काम आहे. कुणी वाचलेलं असेल तर त्यांनी पुढे लिहावं.

दानुबकाठी

एस्टोनियाच्या व्होरो भागातली धुराची सौना २०१४मध्येच युनेस्कोच्या यादीत गेली, फिनलंडच्या सहा वर्षं आधी. तिकडच्या चालीरीतींबद्दल वाचतेय, जमलं तर रविवारी सविस्तर टाकते.

कोरडा_टॉवेल

टाका. पण एस्टोनियन शब्द आधी तपासून टाका, इथे लोक आत्मा घेऊन तयार बसलेत.